दाढ माझी, कागद कुणाकडे?

फिलिंग बिघडलं म्हणून कुणी दंतवैद्य वाईट ठरत नाही, हे मी सुरुवातीलाच मान्य करते. तोंडात लाळ असते, जीभ सारखी आडवी येते, गाल मध्ये येतो, आणि त्या अडचणीच्या जागेत पार मागच्या दाढेपर्यंत पोहोचून डॉक्टरांना कोरडं आणि नेटकं काम करायचं असतं. हल्ली दाढेत बहुतेक ठिकाणी दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट भरतात. ते ओलाव्याला फार नाजूक असतं. कीड कोरून काढल्यावर आत आम्लाचं जेल लावायचं, ते धुऊन टाकायचं, बाँडिंगचा पातळ थर द्यायचा, मग मटेरियल थोडंथोडं भरत प्रत्येक थरावर निळा लाइट मारायचा. मध्येच लाळ शिरली तर ते दाताला नीट धरत नाही. मागच्या दातांत भरलेल्या कॉम्पोझिटपैकी वर्षाला साधारण १ ते ३ टक्के फिलिंग्ज निकामी होतात, असं अनेक अभ्यासांतून दिसलं आहे. म्हणजे चांगल्या हाताचंही काम कधीतरी बिघडणारच. कधी काम उत्तम होतं आणि तरी दाढ ठणकायला लागते, कारण कीड आधीच नसेजवळ पोहोचलेली असते.

मग विश्वास का उडतो? ‘त्या डॉक्टरांकडे आता नको’ हे वाक्य मी ठाण्यात नौपाड्यातल्या जुन्या इमारतींत ऐकलंय आणि घोडबंदर रोडच्या टॉवरमध्येही ऐकलंय. नीट विचारलं तर कळतं, की दाढ दुखली यावर लोकांचा फारसा राग नसतो. दुखल्यावर परत गेलो तेव्हा काय ऐकून घ्यावं लागलं, किंवा काय सांगायचं टाळलं गेलं, त्याचा राग असतो. त्याहून जास्त सलतं ते हे, की आपल्या दाढेत नेमकं काय केलं हे कुणाला दाखवायला आपल्या हातात काहीच नाही. माझं म्हणणं त्याबद्दल आहे. दाताच्या प्रत्येक उपचाराची लेखी नोंद आणि काढलेला एक्स-रे रुग्णाला न मागता, त्याच दिवशी मिळाला पाहिजे. ही गोष्ट डॉक्टरांच्या मर्जीवर ठेवू नये, सक्तीची करावी.

माझ्या खालच्या उजव्या पहिल्या दाढेचं उदाहरण देते. दंतवैद्यकाच्या मोजणीत ती ४६ नंबरची. तो नंबर मला पहिल्या दवाखान्यात कळलाच नाही. तिथल्या बिलावर फक्त ‘फिलिंग’ आणि रक्कम होती. भूल उतरल्यावर चावताना ती दाढ बाकीच्या दातांच्या आधी लागत होती. असं होतं. त्यासाठीच डॉक्टर रंगीत कागद दातांमध्ये धरून चावायला लावतात आणि ठिपका गडद उठेल तिथे घासून उंची कमी करतात. बधिर तोंडाने माणूस नीट चावत नाही, म्हणून पुन्हा दाखवायला जावं लागतं. मी गेले, त्यांनी घासून दिलं. इथपर्यंत माझी काही तक्रार नव्हती.

त्यानंतर थंड पाण्याने कळ जायला लागली. ती दाढ आणि मागची दाढ यांच्या फटीत अन्न अडकायला लागलं. पोळीचा तुकडा, मेथीची काडी, शेंगदाण्याचं कूट, जेवण झालं की आरशासमोर उभं राहून काढत बसायचं, आणि काढताना हिरडीतून रक्त यायचं. सांगायला गेले तर उत्तर मिळालं, ‘नवीन फिलिंग आहे, सवय होईल.’ पुढे त्या बाजूने चावता येईना, तेव्हा खुर्चीत न बसवताच, रिसेप्शनपाशी उभ्याउभ्या सांगण्यात आलं, की आता रूट कॅनाल करून कॅप बसवावी लागेल. खर्च फिलिंगच्या कितीतरी पट. मी विचारलं, ‘फिलिंगच्या आधी जो एक्स-रे काढला होता, तो द्याल का?’ डॉक्टर म्हणाले, ‘तो सिस्टीममध्ये आहे. तुम्हाला त्यातून काय कळणार?’

मला कळलं नसतं हे खरं. पण दुसऱ्या डॉक्टरांना कळलं असतं, आणि त्यासाठीच तो हवा होता. त्या एका उत्तरानंतर मी तिथे परत गेले नाही. रूट कॅनालचा सल्ला चुकीचा होता म्हणून नव्हे. तो बरोबर की चूक हे ठरवायचा रस्ता त्यांनी बंद केला म्हणून.

दुसऱ्या डॉक्टरबाईंनी नवीन एक्स-रे काढला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. ‘हे पांढरं दिसतंय ते फिलिंग. ही त्याची कड बघा, दाताच्या बाहेर आलीय आणि हिरडीत घुसलीय. आणि इथे वरती दोन दाढा एकमेकींना चिकटून असायला हव्यात, तिथे फट राहिलीय.’ दोन दाढांच्या मधल्या बाजूला भरताना पातळ धातूची पट्टी दाताभोवती लावून बारीक पाचर बसवतात, म्हणजे मटेरियल बाहेर सांडत नाही आणि दाताचा आकार पुन्हा मिळतो. ती नीट बसली नाही की असं होतं. त्यांनी ते फिलिंग काढलं, आत लवंगेच्या तेलाचं तात्पुरतं सिमेंट भरलं आणि दाढ शांत होते का ते बघायला काही आठवडे दिले. दाढ शांत झाली. मग कायमचं फिलिंग झालं. रूट कॅनाल लागलं नाही.

मी त्यांना स्पष्ट विचारलं, ‘आधीच्या डॉक्टरांचं चुकलं होतं का?’ त्यांचं उत्तर मला फार महत्त्वाचं वाटतं. त्या म्हणाल्या, ‘कड बाहेर आलीय हे दिसतंय. पण कीड मुळात किती खोल होती, ते मला कसं कळणार? तो पहिला एक्स-रे असता तर सांगता आलं असतं.’

कीड खरोखरच नसेला टेकलेली असेल, तर पहिल्या डॉक्टरांचा रूट कॅनालचा सल्ला अवाजवी नव्हता. त्यांनी आधी फिलिंग करून दाढ वाचवायचा प्रयत्न केला असेल, तो फसला असेल, आणि हे त्यांनी मला शांतपणे सांगितलं असतं तर मी त्यांच्याच खुर्चीत बसून रूट कॅनाल करून घेतलं असतं. तो एक्स-रे त्यांच्याच बाजूने बोलला असता, असंही असू शकतं. ते मला कधीच कळणार नाही. म्हणून माझ्या मनात ते कायमचे संशयित राहिले. नोंद रुग्णाला न देण्यात प्रामाणिक डॉक्टरांचं किती नुकसान आहे, हे त्यांच्या लक्षात का येत नाही?

दातांच्या बाबतीत हा प्रश्न बाकीच्या वैद्यकापेक्षा जास्त टोकदार आहे. साखर वाढली की लॅबचा रिपोर्ट आपल्या ईमेलवर येतो. तो घेऊन आपण कुठल्याही डॉक्टरकडे जाऊ शकतो. सोनोग्राफीची फिल्म आणि रिपोर्ट पिशवीत घालून हातात देतात. तपासणी करणारा एक, उपचार करणारा दुसरा, अशी विभागणी तिथे बऱ्याचदा असते. दाताच्या दवाखान्यात निदान करणारा, खर्च सांगणारा, उपचार करणारा आणि पैसे घेणारा माणूस एकच असतो. एक्स-रेचं यंत्रही त्याच खुर्चीला टेकून उभं. झालेलं काम तोंडाच्या आत, आपल्या डोळ्यांआड. आणि आपण तेव्हा तोंड उघडं ठेवून, दिव्याच्या झोतात आडवे पडलेले असतो, प्रश्नसुद्धा विचारता येत नाही.

रुग्ण उपचाराची पारख आधी करू शकत नाही आणि म्हणून वैद्यकीय सेवेचा व्यवहार विश्वासावर उभा राहतो, हे केनेथ अ‍ॅरो या अर्थतज्ज्ञाने १९६३ सालीच मांडलं होतं. दातांच्या बाबतीत तर पारख नंतरही होत नाही. डॉक्टर प्रेमळ आहेत का, दुखलं का, दवाखाना स्वच्छ आहे का, किती वेळ बसावं लागलं, एवढंच आपल्याला कळतं, आणि गूगलवर आपण तारे देतो ते त्याच गोष्टींना. कड नीट बसली का, कीड पूर्ण निघाली का, हे त्या ताऱ्यांत कुठे नसतं.

झुरिचमध्ये संशोधकांनी एक प्रयोग केला होता. दाताच्या फक्त वरच्या कवचात कीड असलेला, म्हणजे कोरून भरायची गरज नसलेला एकच रुग्ण त्यांनी १८० दंतवैद्यांकडे पाठवला. त्यांतल्या २८ टक्के जणांनी गरज नसलेला उपचार सुचवला. ज्यांच्याकडे अपॉइंटमेंटसाठी जास्त थांबावं लागत होतं, त्यांच्याकडून असा सल्ला कमी आला. म्हणजे खुर्ची रिकामी असली की उपचार सुचण्याकडे कल वाढतो. ठाणे म्हणजे झुरिच नाही आणि ती टक्केवारी उचलून इथल्या डॉक्टरांच्या माथी मारणं अन्यायाचं होईल. पण आपल्याकडे एकेका रस्त्यावर किती पाट्या आहेत, ते डोळ्यांसमोर आणा. राम मारुती रोडवरून तलावपाळीपर्यंत चालत जा, किंवा वाशीत नाहीतर नेरूळमध्ये एखाद्या सेक्टरच्या मार्केटमधून चक्कर मारा. देशात तीनशेहून जास्त दंत महाविद्यालयं आहेत, बहुतेक खासगी, आणि तिथून बाहेर पडलेली मुलं-मुली शहरांतच दवाखाना थाटतात. भरमसाट फी भरून शिकलेली, कर्ज काढून खुर्ची आणि यंत्रं घेतलेली, दुकानाच्या भावाने गाळ्याचं भाडं भरणारी ही तरुण माणसं आहेत. त्यांच्यावरचा दबाव मला दिसतो, आणि त्याचं मला वाईटही वाटतं. तो दबाव आहे म्हणूनच त्यांच्या चांगुलपणावर सगळा भार टाकून चालणार नाही, असं मी म्हणते.

नियम नाहीत असं अजिबात नाही. दंतवैद्यांच्या आचारसंहितेचे सुधारित नियम २०१४ साली आले. रुग्णाच्या नोंदी किमान ३ वर्षं जपून ठेवायच्या आणि रुग्णाने मागितल्या तर ७२ तासांत द्यायच्या, असं त्यांत आहे. समीरा कोहली खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की उपचारापूर्वी त्याचं स्वरूप, त्यातले धोके, दुसरे पर्याय आणि उपचार न घेतल्यास काय होईल, हे रुग्णाला पुरेसं समजावून मगच संमती घ्यायची. म्हणजे ‘फिलिंग करतो, पण कीड खोल आहे, पुढे रूट कॅनाल लागू शकतं’ हे वाक्य भूल द्यायच्या आधी उच्चारायला हवं. नंतर उच्चारलं तर तेच वाक्य सबब वाटतं. फिलिंगच्या बाबतीत झालेल्या भांडणांपैकी निम्मी या एका वाक्याने मिटली असती, असं मला अगदी मनापासून वाटतं.

नियमात ‘मागितल्यास’ हा शब्द आहे, आणि गाडी तिथेच अडते. मागतो कोण? ज्या डॉक्टरांकडे आपली आई जाते, मुलाच्या दातांची तार सुरू आहे, जे सोसायटीच्या गणपतीत भेटतात, त्यांच्याकडे एक्स-रे मागणं म्हणजे तोंडावर अविश्वास दाखवणं, असं आपल्याकडे समजलं जातं. डॉक्टरांनाही तसंच वाटतं. ‘का, दुसरीकडे दाखवायचंय का?’ हा प्रश्न लगेच येतो. ‘हो’ म्हणायला बऱ्याच जणांची जीभ रेटत नाही. मग लोक काय करतात? काही न बोलता डॉक्टर बदलतात. नवीन ठिकाणी पुन्हा एक्स-रे, पुन्हा तपासणी, पुन्हा पैसे. आणि जुन्या डॉक्टरांना आपला रुग्ण का गेला हे कधीच कळत नाही, त्यांचं काम सुधारायची एक संधीही जाते. नोंद आपोआप मिळायला लागली, तर मागण्यातला हा अपमान राहणारच नाही.

शिस्त शिकवली जात नाही, असंही कुणी म्हणू शकणार नाही. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताई नेरूळच्या एका दंत महाविद्यालयात दाढ भरायला गेल्या होत्या. नवी मुंबईत नेरूळ, खारघर, कामोठे इथे अशी महाविद्यालयं आहेत. खर्च खासगीपेक्षा खूप कमी, वेळ मात्र भरपूर जातो. त्यांचे कामाचे दिवस बुडाले. पण त्यांनी मला जो केसपेपर दाखवला, तो बघून मी चकित झाले. सगळ्या दातांचा तक्ता, कुठला दात किडलेला, कुठला भरलेला, कुठला नाही, रक्तदाब, मधुमेह आहे का, कुठल्या औषधाचं वावडं, दाताचा नंबर, निदान, ठरवलेला उपचार, संमतीची सही, आणि प्रत्येक टप्प्यावर शिकवणाऱ्या सरांची किंवा मॅडमची सही. कीड कोरून झाली की सही, त्याशिवाय विद्यार्थ्याने पुढे जायचं नाही. हाच विद्यार्थी किंवा विद्यार्थिनी उद्या पदवी घेऊन कळव्यात, ऐरोलीत, कासारवडवलीत पाटी लावते. ती सवय तिथे पोहोचेपर्यंत कुठे गळून पडते? घरकाम करणाऱ्या बाईला सवलतीच्या उपचारात मिळालेला कागद, टॉवरमध्ये राहणाऱ्या बाईला पूर्ण पैसे मोजूनही मिळत नाही, ही स्थिती मला बोचते.

आणखी एक गोष्ट पुष्कळ रुग्णांना माहीतच नसते. बऱ्याच दवाखान्यांत रूट कॅनाल, अक्कलदाढ काढणं, इम्प्लांट ही कामं बाहेरून येणारे तज्ज्ञ करतात. पाटी एकाची, हात दुसऱ्याचा. यात गैर काही नाही, उलट त्या विषयात एमडीएस, म्हणजे पदव्युत्तर पदवी, केलेल्या माणसाने काम केलं तर ते रुग्णाच्या हिताचंच आहे. पण मग त्या माणसाचं नाव आणि नोंदणी क्रमांक कागदावर हवा ना? पुढे काही झालं तर ‘ते सर आता येत नाहीत’ एवढं उत्तर रुग्णाच्या पदरात पडता कामा नये.

दंतवैद्यांशी बोलताना तीन आक्षेप ऐकायला मिळतात. पहिला वेळेचा. एका माणसाच्या दवाखान्यात एवढी लिखापढी कोण करणार? याला माझं उत्तर आहे, की तुम्ही लिखापढी आत्ताही करता. तुमचं एक्स-रेचं यंत्र अणुऊर्जा नियामक मंडळाकडे नोंदवलेलं असावं लागतं. तुमच्याकडची सुई आणि रक्ताळलेला कापूस २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे वेगवेगळ्या रंगांच्या पिशव्यांत आणि डब्यांत, बारकोड लावून जातो. यंत्राची नोंद होते आणि कचऱ्याचीही होते. मग ज्याच्या तोंडात काम झालं त्याच्या हाती चार ओळी देणं अशक्य कसं? डिजिटल एक्स-रे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायला फार तर मिनिटभर लागतं. दाताचा नंबर, कीड किती खोल होती, काय भरलं, कुणी भरलं, पुढे काय होऊ शकतं, एवढं लिहायला त्याहून थोडा जास्त.

दुसरा आक्षेप भीतीचा आहे, आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. लिहून दिलं की उद्या तेच आमच्याविरुद्ध वापरतील, ही ती भीती. डॉक्टरांना धमकावणं, दवाखान्यात चार माणसं घेऊन येणं, पैसे परत द्या नाहीतर वाईट रिव्ह्यू टाकतो म्हणणं, हे प्रकार घडतात आणि ते निषेधार्हच आहेत. पण कागद नसल्याने ही भीती कमी होत नाही, वाढते. चार माणसं घेऊन येणाऱ्याला थोपवायला डॉक्टरांकडे काय असतं? उपचारापूर्वी सही केलेला कागद, ज्यावर ‘कीड खोल, रूट कॅनालची शक्यता सांगितली’ असं लिहिलेलं आहे, तो पुढे ठेवता आला तर अर्धी हवा तिथेच निघून जाते. तो नसेल तर शब्दाला शब्द, आवाजाला आवाज.

तिसरा आक्षेप असा, की रुग्ण मग चार ठिकाणी फिरत बसतील, घासाघीस करतील. फिरू देत की! मोठा खर्च सांगितला गेला असेल तर दुसरं मत घेणं हा रुग्णाचा हक्क आहे. घासाघीस होते ती नेमकं काय घेतोय ते कळत नाही म्हणून. दोन दवाखान्यांच्या रूट कॅनालच्या दरात तफावत असेल, तर त्यातला एक तज्ज्ञाकडून करून घेतो, रबर डॅम (दाताभोवती लाळ अडवणारा रबराचा पडदा) लावतो, काम झाल्यावर तपासणीचा एक्स-रे काढतो, हे कागदावर आलं की जास्त पैसे मोजणारेही मिळतात. आज सगळं एकाच ‘आरसीटी’ (रूट कॅनाल ट्रीटमेंट) या नावाखाली येतं, आणि मेहनतीने काम करणारा आणि उरकणारा एकाच तागडीत तोलला जातो.

ग्राहक कायदा आहे, त्याचं काय, असं कुणी विचारेल. १९९५ साली व्ही. पी. शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली, आणि २०१९ च्या नव्या कायद्यानंतरही ती तशीच राहिली. आपण राहतो त्या जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्कही नाही. नोंदी न देणं हीच सेवेतली त्रुटी धरल्याचे निकालही आहेत. पण एका फिलिंगसाठी कोण ठाण्याच्या आयोगात तारखा घेत बसेल? शिवाय निष्काळजीपणा सिद्ध करायची जबाबदारी तक्रारदारावर असते, त्यासाठी दुसऱ्या तज्ज्ञाचं मत लागतं, आणि तो तज्ज्ञ बघणार काय, तर तोच एक्स-रे, जो आपल्याकडे नाही. कोर्टकचेरी हा शेवटचा उपाय असतो. मला त्याच्या कितीतरी आधीची, साधी, रोजची व्यवस्था हवी आहे.

ठाण्यातल्या मराठी मध्यमवर्गाला ग्राहक म्हणून जागं राहणं काही नवीन नाही. १९७५ मध्ये सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीच्या वाटपाचं, म्हणजे सभासदांसाठी एकत्र खरेदी केलेलं, सामान कित्येक घरांत वर्षानुवर्षं येतंय. तूरडाळीचा दर्जा, वजन, पाकिटावरची तारीख, सगळं तपासून घ्यायला या घरांतल्या बायकांनी एकमेकींना शिकवलं. त्याच घरांतून दाताच्या उपचाराला काही हजार रुपये जातात तेव्हा कुणी साधं पक्कं बिल मागत नाही. आरोग्य विमा इथे मदतीला येत नाही. अपघात होऊन रुग्णालयात दाखल व्हावं लागलं तर गोष्ट वेगळी, एरवी बहुतेक पॉलिसींमध्ये दातांचा उपचार वगळलेला असतो. त्याचा आणखी एक परिणाम होतो, ज्याकडे फारसं लक्ष जात नाही. विमा कंपनी पैसे देणार असते तेव्हा ती कागद मागते, आणि त्या निमित्ताने रुग्णालयाला नोंदी ठेवाव्या लागतात. दातांच्या बाबतीत कागद मागणारं असं तिसरं कुणी नाही. जे काही मागायचं ते रुग्णानेच.

सरकारी यंत्रणेकडे बघावं तर तिथेही दातांचा दवाखाना फटीत पडतो. महाराष्ट्रात केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा, म्हणजे दवाखाने-रुग्णालयांच्या नोंदणीचा कायदा, लागू केलेला नाही. आपल्याकडे १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा आहे, आणि त्याच्या नियमांत २०२१ साली रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावणं आलं. पण तो कायदा रुग्णाला ठेवून घेणाऱ्या रुग्णालयांसाठी आहे. एका खुर्चीच्या दाताच्या दवाखान्यात खाटच नसते. त्यामुळे दरपत्रक भिंतीवर लावलं तर लावलं, नाही तर नाही.

२०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा मंजूर केला, १९४८ च्या दंतवैद्य कायद्याच्या जागी. नव्या व्यवस्थेचे नियम लिहिले जातील तेव्हा त्यातला ‘मागितल्यास’ हा शब्द काढून टाकावा, ही माझी पहिली मागणी. दिल्लीतून ते येईपर्यंत थांबायची मात्र गरज नाही. राज्याच्या दंत परिषदेकडे प्रत्येक दंतवैद्याला नोंदणीचं नूतनीकरण करावंच लागतं. त्या वेळी ‘मी रुग्णांना उपचाराची नोंद आणि एक्स-रे देतो’ असं लेखी घ्यावं, आणि तक्रार आली तर आधी तेवढंच तपासावं: नोंद दिली होती का? काम चांगलं की वाईट हा वाद तज्ज्ञांना महिनोन् महिने पुरेल. नोंद दिली की नाही हे पाच मिनिटांत ठरतं. ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांनी आपापल्या हद्दीतल्या दंतवैद्यांना दरपत्रक दर्शनी भागात लावण्याचं आवाहन तरी करावं. निदान शाळांमध्ये आणि आरोग्य केंद्रांत दाताच्या तपासणीची शिबिरं घेणाऱ्या दवाखान्यांना ही अट घालणं पूर्णपणे त्यांच्या हातात आहे. शिबिरात ‘चार दात किडलेत, आमच्या क्लिनिकमध्ये या’ असं सांगून मुलाला पाठवतात, तेव्हा कुठले चार, हे लिहून दिलेलं असायला हवं.

खरा बदल इंडियन डेंटल असोसिएशनच्या इथल्या शाखांनी मनावर घेतलं तर लवकर होईल. त्यांनी एका पानाचा मराठी नमुना तयार करावा. इंग्रजी संमतीपत्र टॅबलेटवर पुढे करून ‘इथे सही करा’ म्हणतात, ते वाचून कुणाला काही कळत नाही. मराठीत, मोठ्या अक्षरांत, वर दातांचं चित्र, ज्यावर आपल्या दाताला गोल करता येईल. कीड किती खोल, त्यासाठी तीन चौकोन. काय भरलं. उपचार करणाऱ्याचं नाव आणि नोंदणी क्रमांक. काही दिवस थंड लागलं तर काळजी नको, पण चावताना दुखलं, अन्न अडकलं किंवा रात्री ठणकलं तर लगेच या, अशी सूचना. बिघडलं तर किती काळात, किती खर्चात दुरुस्त करून मिळेल ते. आणि खाली छापलेलंच असावं, की दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं असल्यास हा कागद आणि एक्स-रे बरोबर न्यावा. हे वाक्य डॉक्टरांनी स्वतःहून छापलं, तर ‘दुसरीकडे दाखवायचंय का?’ हा प्रश्न विचारायची वेळच येणार नाही, आणि माझ्यासारखी बाई दुसरीकडे दाखवून पुन्हा त्याच खुर्चीत येऊन बसायची शक्यता बरीच वाढेल.